जुन्या चौकटीतला साग: स्वस्त कधी पडतो, कधी नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला फ्लॅटमध्ये राहता, बाल्कनीत एक टेबल टाकून रविवारी सुतारकाम करता. वखारीत नव्या सागाचा भाव ऐकून हात हलवत परत आलात. आता कुणीतरी सांगितलं, की पाडलेल्या वाड्यांचा साग बराच स्वस्त मिळतो. तो कुठे शोधायचा आणि घरी आणल्यावर त्याचं काय करायचं? शिवाय सातपूर-अंबडच्या कारखान्यांबाहेर पडलेली पॅलेटं, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटी, चालतील का?

मी पुण्यात एकोणीस वर्षं हेच करते आहे, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. माझ्या कामातलं निम्म्याहून जास्त लाकूड कुणाच्या तरी दाराखिडकीचं होतं. त्या अनुभवावरून सांगते, 'कुठे मिळेल' हा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा अवघड नाही. दोन रविवार फिरलात की विकणारे सापडतील, तिसऱ्या रविवारी तेच तुम्हाला फोन करतील. अवघड आहे ते वेगळंच. समोर धुळीने करडी झालेली, रंगाचे पाच थर चढलेली एक फळी आहे. तिच्या आत कोणतं लाकूड आहे, आणि खिळे, कीड, कुजका भाग काढून टाकल्यावर त्यातलं किती तुमच्या कामाला येईल, हे उभ्या उभ्या ओळखायचं असतं. हे जमलं तर जुना साग स्वस्त पडतो. नाही जमलं तर वखारीतला नवा साग परवडला असं म्हणायची वेळ येते. माझ्यावर ती आली आहे.

आधी एक स्पष्ट करते. पुढचं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. जवळ सॉ मिल आहे का आणि तिथला मालक जुनं लाकूड मशीनवर घेतो का? घरात सात फुटी नग ठेवायला जागा आहे का? शेजारी ठोकाठोकी किती सहन करतात? आणि तुमच्याकडे पैसा कमी आहे की वेळ? वेळ कमी असेल तर जुन्या लाकडाच्या नादी लागू नका. नवी रंधलेली फळी घ्या आणि रविवार खरोखर सुतारकामात घालवा. जुन्या लाकडात पहिले दोन रविवार नुसते खिळे काढण्यात जातात.

आता कुठे पाहायचं. जुन्या नाशकात आणि पंचवटीत पावसाळ्यात वाडे खचतात, पाडलेही जातात. पाडकामाचा ठेकेदार लाकूड एकत्र काढून जुन्या सामानवाल्याला देतो. त्या दुकानांत दारं, खिडक्या, चौकटी, कडीपाटाच्या (जुन्या लाकडी छताच्या) फळ्या, तुळया असं सगळं भिंतीला टेकून उभं असतं. पुण्यात मी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारते, आणि मोठं काही हवं असेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास फिरते. मुंबईत कुणी नातेवाईक असतील तर रे रोड-दारुखान्याचा भाग आणि जुन्या फर्निचरसाठी जोगेश्वरी-ओशिवरा. कोकणात गाव असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. कौलारू घरावर पत्रा किंवा स्लॅब घालताना वासे, रिपा, फणसाच्या फळ्या अंगणात पडून राहतात आणि शेवटी बंबात जातात. काका-मामाला आधी सांगून ठेवा.

पण सगळ्यात चांगला माल बाजारात नसतोच, सोसायटीत असतो. गेल्या पन्नास-साठ वर्षांत लोकांनी सागाचे पलंग, शिसवी खुर्च्या, सागाच्या चौकटीचे सोफे करून घेतले. आता नूतनीकरण निघालं की ते आधी लिफ्टसमोर आणि मग भंगारवाल्याकडे जातात. हे लाकूड आयुष्यभर घरात राहिलेलं, म्हणजे सुकं. रंगाऐवजी पॉलिश असतं आणि खिळ्यांऐवजी कुसाचे सांधे (एका नगाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले). तुमच्या वॉचमनला आणि जवळच्या भंगारवाल्याला नंबर देऊन ठेवा. भंगारवाल्याला लाकडात फारसा रस नसतो, त्याला बिजागऱ्या आणि लोखंड हवं असतं. तो खूश, तुम्ही खूश.

काय घ्यावं याबद्दल माझं ठाम मत आहे. तुमच्यासारख्या बाल्कनीवाल्याने पहिल्यांदा दाराची चौकट घ्यावी. चौकटीसाठी त्या काळच्या सुताराने मुळातच सरळ रेषेचं, कमी गाठींचं लाकूड निवडलेलं असतं. चार बाय अडीच किंवा पाच बाय तीन इंचाचा नग हातकरवतीने कापता येतो, स्कूटरवर नाही तरी रिक्षातून आणता येतो. त्यानंतर पॅनेलच्या दाराच्या उभ्या-आडव्या पट्ट्या आणि कडीपाटाच्या फळ्या.

तुळई मात्र घेऊ नका. सगळ्यांना तीच हवी असते, कारण ती दिसायला भव्य असते आणि घनफुटाचा भाव सगळ्यात कमी असतो. कमी का असतो ते ऐका. तुळई म्हणजे बहुतेक वेळा अख्खा ओंडका चौकोनी तासलेला. झाडाचा गाभ्याचा मधला बिंदू तिच्या आतच असतो. लाकूड वाळताना वाढीच्या वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मं त्रिज्येच्या दिशेने आकसतं. दोन्ही दिशांचं जमत नाही, म्हणून मधून बाहेरपर्यंत भेगा पडतातच. त्या टाळून फळ्या काढायच्या तर सॉ मिल हवी, आणि ती चालवणारा तयार हवा.

माझी पहिली खरेदी तुळईच होती. कसब्यातल्या एका पडलेल्या वाड्याची, सात फूट. टेम्पोने आणली, चार माणसांनी उतरवली. पहिल्या सॉ मिलवाल्याने तिच्याकडे बघून हात जोडले. दुसऱ्याने अट घातली, खिळा लागून पातं गेलं तर पात्याचे पैसे तुमचे. मी मोठ्या आत्मविश्वासाने हो म्हटलं, कारण दिसणारे सगळे खिळे मी स्वतः काढले होते. न दिसणारा एक दोन इंच आत होता, डोकं तुटलेला. खर्रर्र असा आवाज आला, सगळी मिल थांबली. पात्याचे पैसे दिले. उरलेली तुळई उभी चिरली तर मधला सहा-सात इंचाचा भाग भुश्यासारखा निघाला. त्या तुळईतून शेवटी एक पाट, दोन कालथे आणि एक घडवंची निघाली. पाट अजून देवघरात आहे. तिकडे बघून नवरा अजून हसतो.

आता तपासणी. दुकानात जाताना पिशवीत चार गोष्टी ठेवा. मेजपट्टी, टोच्या, छोटी हातोडी आणि धारदार चाकू. नगाच्या दोन्ही टोकांना आधी जा, मधला भाग नंतर. चौकटीचे उभे नग खालून जमिनीत किंवा उंबऱ्यात रुतलेले असतात. पन्नास वर्षं फरशी पुसल्याची ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच चढतात. टोच्या दाबा. सहज आत गेला तर तो भाग गेला असं धरा. मग हातोडीने एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत हलके ठोके मारत जा. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, पोकळ भाग भद्द वाजतो. आवाज कुठे बदलला त्या जागी खडूने खूण करा. उरलेल्याच लांबीचे पैसे द्यायचे आहेत.

मग चाकूने न दिसणाऱ्या जागी, बिजागरीच्या खाचेत किंवा मागच्या बाजूला, नखाएवढा थर खरवडा. विक्रेता 'ताई, माल खराब होतो' म्हणेल. म्हणू द्या. सागाचा ताजा रंग सोनेरी तपकिरी असतो, मधून गडद रेघा. बोट फिरवलं तर किंचित मेणचट लागतं आणि नाक लावलंत तर जुन्या चामड्यासारखा वास येतो. हा वास शंभर वर्षांच्या लाकडातही मी खरवडून घेतला आहे, तो जात नाही. आडव्या कापावर वाढीची वलयं स्पष्ट दिसतात, त्यांच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते.

पण साग नाही म्हणून नग सोडू नका. वाड्यांत आणि कोकणातल्या घरांत ऐन, किंजळ, बिबला, शिवण, फणस, आंबा सगळं वापरलं आहे, आणि विक्रेता प्रत्येकाला साग म्हणतो. ऐन गडद, जड आणि जिद्दी. रंधा त्याच्यावर उड्या मारतो, पण खुर्चीच्या पायाला उत्तम. शिवण फिकट पिवळट, हलकी, कमी वाकणारी, कोरीव कामाला सोयीची. फणस कापल्यावर हळदीसारखा पिवळा दिसतो आणि वर्षभरात तपकिरी होतो. बिबल्याचा एक तुकडा पाण्यात टाकून उजेडात धरा, पाण्यात निळसर झाक दिसते. मुलांना दाखवायला छान आहे. आणि 'बर्मा टीक आहे ताई' हे वाक्य ऐकून एक रुपयाही जास्त देऊ नका. ब्रिटिशांच्या काळात रंगूनहून साग मुंबईत येत होता हे खरं, पण तुमच्या हातातला नग तोच आहे हे तो सांगू शकत नाही आणि तुम्ही तपासू शकत नाही. दिसतंय त्याचे पैसे द्या.

भावाचं गणित घरीच पक्कं करून जा, कारण दुकानात गोंधळ होतो. काही जण घनफुटाने देतात, काही नगावर, काही किलोवर. फुटात लांबी गुणिले इंचात रुंदी गुणिले इंचात जाडी, भागिले १४४, म्हणजे घनफूट. वाळलेला साग घनफुटाला साधारण १८ किलो भरतो, शिसम २१-२२. आता समजा विक्रेता किलोला ८० रुपये म्हणाला. ८० गुणिले १८, म्हणजे १४४० रुपये घनफूट. सात फुटी दोन उभे नग आणि साडेतीन फुटी एक आडवा, चार बाय अडीचचे, असे सव्वा घनफुटाला थोडे कमी होतात. पैसे साधारण साडेसतराशे.

इथेच खरी मेख आहे. खालची नऊ-नऊ इंच कुजकी टोकं गेली. दार बसायची खाच सगळ्या लांबीभर आहे, तिथे जाडी अर्धा इंच कमी. बिजागऱ्यांचे कोनाडे, होल्डफास्टची (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांची) भोकं, कडीचं छिद्र. मग चारी बाजूंनी रंधा. माझ्या अनुभवात चौकटीतलं निम्मं, फार तर साठ टक्के लाकूड कामाला येतं. निम्मंच आलं तर तुमचं घनफूट १४४० ला नाही, २८८० ला पडलं. हा आकडा वखारीतल्या नव्या सागाच्या भावाशेजारी ठेवा आणि मग ठरवा. नव्यातही वाया जातं, पण इतकं नाही. पलंगाच्या लाकडात माझं नुकसान जेमतेम पावभाग होतं. मी पलंगांच्या मागे का असते ते कळलं असेल.

वजनाची एक गंमत लक्षात ठेवा. पावसात भिजलेला नग किलोवर घेऊ नका, पाण्याचे पैसे जातात.

आणि पावती घ्या. सागाच्या वाहतुकीला वनखात्याचे नियम आहेत. रिक्षातून चार नग नेताना कुणी अडवलेलं मला आठवत नाही, पण कोकणातलं अख्खं घर उतरवून ट्रक भरणार असाल तर आधी तिथल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून कागद करा. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, घर पाडतानाचे फोटो जवळ असू द्या.

लाकूड घरी आलं. पहिलं काम झाडझूड. तारेचा ब्रश घेऊन चुना, माती, प्लास्टर सगळं काढा. हे कंटाळवाणं आहे म्हणून लोक सरळ रंधा मारतात, आणि एका फटक्यात पात्याची धार गमावतात. वाळूच्या एका कणाने दिसेल अशी खाच पडते. सागात मुळातच सिलिका असते, तो धार लवकर खातोच, त्यात वाळू कशाला? मी या पहिल्या कामासाठी जुन्या बाजारातला एक लोखंडी रंधा वेगळा ठेवला आहे. चांगला रंधा लाकूड स्वच्छ झाल्यावरच बाहेर येतो.

मग खिळे. दिसणारे उलट्या बाजूने, टोकावर हातोडी मारून डोकं वर काढा आणि जंबुराने किंवा पहारीने खेचा. पहारीखाली पातळ फळीचा तुकडा ठेवा, नाहीतर लाकडावर खळगे पडतात. गंजलेला खिळा जोर लावला की डोक्याशी तुटतो. आधी टोकावर एक-दोन ठोके देऊन त्याची पकड सैल केली तर बरेचदा वाचतो. तुटलाच तर भोवती बारीक ड्रिलने तीन-चार छिद्रं पाडून सुईनाकाच्या पक्कडीने काढा. पडलेलं भोक नंतर त्याच लाकडाच्या खुंटीने बुजवता येतं.

न दिसणाऱ्यांसाठी दोन उपाय. एक, काळा डाग शोधा. लाकडातल्या टॅनिनची लोखंडाशी आणि ओलीशी गाठ पडली की निळसर काळा डाग पडतो. जिथे तो आहे तिथे आत लोखंड आहे किंवा होतं. दोन, जुन्या हार्डडिस्कमधलं किंवा स्पीकरमधलं ताकदवान चुंबक दोऱ्याला टांगा आणि फळीवरून अर्धा सेंटिमीटर वरून हळू फिरवा. दोरा तिरका झाला की थांबा. तुळईतला तो खिळा दोन इंच आत होता, चुंबकाला तो कळला नसता. म्हणून आता जाड नग मशीनवर देण्याआधी मी हातात धरायचा मेटल डिटेक्टर वापरते, सुरक्षारक्षकांकडे असतो तसा. तुम्ही हातकरवतच वापरणार असाल तर त्याची गरज नाही. हातकरवतीला खिळा लागला तर हाताला लगेच कळतं आणि नुकसान धार लावण्याएवढंच होतं.

काळे डाग काढायचे असतील तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाणी चालतं. ते विषारी आहे. हातमोजे घाला, नंतर लाकूड दोन-तीनदा धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मी हल्ली डाग ठेवते.

रंगाबद्दल मात्र थट्टा नाही. जुन्या दारांवरच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगातलं शिसं दशलक्ष भागांत ९० पेक्षा कमी ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे तुमच्या चौकटीवरचे पाचही थर बहुधा त्याआधीचे. असा रंग सुक्या पॉलिश पेपरने घासायचा नाही, मशीनने तर मुळीच नाही, आणि ब्लो टॉर्चने जाळायचा नाही. धूळ आणि धूर दोन्हींतून शिसं अंगात जातं, आणि लहान मुलांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास. रंग काढायचं रसायन लावा, वीसेक मिनिटांनी थर फुगला की पत्र्याच्या खरवडणीने ओलाच काढा, खाली जाड कागद अंथरा आणि तो गुंडाळून टाका. फ्लॅटच्या बाल्कनीत शेजारी बाळ असेल तर रंगवलेलं लाकूड घेऊच नका. पॉलिशचे पलंग घ्या. लाकडाची नुसती धूळसुद्धा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवलं. एन-९५ मास्क नाकावर नीट बसवा. रुमाल बांधून काम भागत नाही.

कीड. साग किडत नाही असं म्हणतात, ते त्याच्या गाभ्याच्या तपकिरी लाकडाबद्दल खरं आहे. कडेचं पांढरं लाकूड किडे आवडीने खातात. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं दिसली तर नग पांढऱ्या कागदावर ठेवून ठोका आणि दोन आठवडे तिथेच राहू द्या. कागदावर पीठ पडलं तर आत कुणीतरी राहतंय. नाही पडलं तर भाडेकरू बहुधा सोडून गेलेले. पांढरा भाग सरळ कापून टाकणं हा सगळ्यात चांगला इलाज. ठेवायचाच असेल तर मी एक भाग बोरिक अ‍ॅसिड आणि दीड भाग टाकणखार (बोरॅक्स) घेते. दहा लिटर गरम पाण्यात दोनशे आणि तीनशे ग्रॅम, आणि सुक्या, रंग काढलेल्या लाकडावर दोन-तीन हात. रंग किंवा पॉलिश असेल तर पाणी आत शिरत नाही, सगळी मेहनत वरच्या वर. हे मिश्रण पाण्याने धुपतं, म्हणून फक्त घरातल्या वस्तूंना, आणि पोळपाट-ताटल्यांना कधीच नाही. आलेलं लाकूड तपासून होईपर्यंत घरातल्या फर्निचरशेजारी ठेवू नका. आमच्याकडे एका फुकटच्या आंब्याच्या फळीने सासूबाईंच्या पुस्तकांची मांडणी खाल्ली. मी अजून तो विषय काढत नाही.

आता वाळवणं, आणि इथे एक गैरसमज. 'जुनं लाकूड वाळून वाळून दगड झालंय, ते आता हलणार नाही' हे प्रत्येक विक्रेता सांगतो. लाकूड कितीही जुनं असो, हवेतली ओल घेतं आणि सोडतं. सागाची दहा इंच रुंद फळी कोरड्या उन्हाळ्यातून भर पावसाळ्यात गेली की दोन-तीन मिलिमीटर फुगू शकते. लांबीत काही होत नाही, रुंदीत होतं. जुन्या लाकडाचा फायदा एवढाच, की त्याला वर्षभर वाळवत बसावं लागत नाही. उघड्या अंगणात पडलेलं असेल तर सावलीत, खाली पट्ट्या ठेवून, प्रत्येक थरात एक इंचाची मोकळी हवा ठेवून रचा. नाशकाची हवा उन्हाळ्यात चांगली कोरडी, महिना-दीड महिना पुरतो. ओलावा मोजायचं यंत्र नसलं तरी चालेल. एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी तोला, आकडा लागोपाठ तीन आठवडे तोच आला की लाकूड तुमच्या घराला सरावलं. उन्हात मात्र टाकू नका, वरून वाळतं आणि फाटतं.

आणखी एक. जाड नग मधून चिरला की आतला ताण मोकळा होतो. सकाळी सरळ कापलेली फळी संध्याकाळी धनुष्यासारखी झालेली मी पाहिली आहे. म्हणून चिरताना लागेल त्यापेक्षा पाव इंच जाड ठेवा, दोन आठवडे थांबा, मग अंतिम मापाला आणा.

मापाला आणायचा क्रम चुकवू नका. आधी तुकडे वस्तूच्या लांबीचे पण एक-दोन इंच जास्त कापा. सात फुटी वाकडा नग सरळ करण्यात सगळी जाडी जाते, दीड फुटी तुकडा सरळ करायला चार फटके पुरतात. मग एक तोंड सपाट. पीळ आहे का बघायला दोन्ही टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका डोळ्याने बघा. पट्ट्या समांतर दिसेपर्यंत उंच कोपरे तिरक्या दिशेने रंधा. ते तोंड झालं की त्याला गुण्या लावून एक कड काटकोनात. उरलेल्या दोन बाजू या दोघींवरून आखून घ्यायच्या. पहिलं तोंड नीट नसेल तर पुढचं सगळं चुकत जातं, म्हणून माझा निम्मा वेळ त्याच्यावर जातो. दहा मिनिटांनी पात्याला धार, न कुरकुरता.

सागाला फेव्हिकॉल धरत नाही अशी तक्रार येते. त्याच्यात नैसर्गिक तेल असतं, ते पृष्ठभागावर येतं. जोडायच्या दिवशीच रंधा मारा, जोडण्याआधी अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने जोडाची जागा पुसा, वाळला की लगेच गोंद आणि शिकंजा. आदल्या आठवड्यात रंधून ठेवलेली कड जोडू नका.

पहिली वस्तू म्हणून पाट करा किंवा भिंतीवरची छोटी फळी. चौकटीच्या लाकडातून दोन-तीन इंची पट्ट्याच निघतात, त्यामुळे पट्ट्या जोडून होणारं काम बघा. डायनिंग टेबलाचं स्वप्न तूर्त बाजूला. आणि दुकानात जाण्याआधी वस्तूची मापं कागदावर लिहून न्या. कागद नसला की माणूस 'सुंदर आहे' म्हणून घेतो. माझ्या शेडमध्ये असे अकरा सुंदर नग पडून आहेत.

राहिली पॅलेटं. बहुतेक आयात यंत्रांच्या पेट्या पाइनच्या असतात, म्हणजे मऊ लाकूड. आपल्याकडे बनलेल्या पॅलेटमध्ये निलगिरी, सुबाभूळ, आंबा, रबरवुड असं मिळेल ते असतं, क्वचित एखादी सुरेख कठीण फळी निघते. गेटवरच्या माणसाला विचारून घ्या, 'पडलेलं' वाटणारं सामान बरेचदा ठेकेदाराने आधीच विकत घेतलेलं असतं. निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का, दोन अक्षरी देशाचा संकेत आणि प्रक्रियेची अक्षरं असतात. 'एचटी' म्हणजे लाकडाचा आतला भाग किमान ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवला आहे. ते घ्या, पण लक्षात ठेवा, त्याने तेव्हाची कीड मेली, नंतर येणारी नाही. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ते तिथेच राहू द्या. शिक्काच नसेल तर फळीवर तेलाचे किंवा रसायनाचे डाग आहेत का बघा, वास घ्या, आणि शंका आली तर तीही तिथेच. खिळे पिळाचे असतात, पहारीने निघत नाहीत, फळी फाटते. दोन फळ्यांच्या मधून लोखंड कापायचं पातं घालून खिळेच कापा, आणि आत राहिलेले तुकडे मागून ठोकून बाहेर काढा.